पाठमोरे आबा

आबा बसायला जायचे. आमच्या वस्तीवर या कामाला दुसरं नाव नव्हतं. बाजाराला जातो म्हणावं तसं ते आदल्या संध्याकाळी म्हणायचे, "उद्या बसायला जायचं हाय." मग सकाळी मेंढरं मायच्या हवाली करून ते औंढ्याहून हिंगोलीची बस धरायचे, तिथल्या जुन्या चित्रशाळेत दिवसभर एका लाकडी चौथऱ्यावर बसायचे आणि दिवस मावळताना परत यायचे. समोर गोल करून बसलेले विद्यार्थी त्यांचं चित्र काढायचे. वस्तीवरच्या बायका मायला चिडवायच्या, की आमचे नवरे राबून खातात आणि तुझा तेवढा बसून खातो. माय म्हणायची, "तुमच्याला बसवून बघा की घंटाभर. नाकावर माशी बसली तरी हलायचं न्हाई."

याची सुरुवात मी लहान असताना झाली. चित्रशाळेचे एक शिक्षक मेंढरांच्या बाजारात आले होते. त्यांना मेंढरू नको होतं, आबांचा चेहरा हवा होता. आबांना आधी वाटलं, हा माणूस थट्टा करतोय. पण गेले, आणि मग दर हिवाळ्यात परीक्षेच्या आधी जातच राहिले. अंगावरची घोंगडी तिथल्या लोकांना आवडायची, ती राहू द्यायचे. डोक्याचा रुमाल मात्र चालायचा नाही. तो काढून शाळेच्या पेटीतला लाल, जरीच्या काठाचा फेटा त्यांना बांधायचे. मधल्या सुट्टीत उठण्याआधी एक विद्यार्थी खडूने त्यांच्या पावलांभोवती रेघ मारायचा, म्हणजे परत बसताना पाय त्याच जागी पडावेत. आबा घरी आले की कधीकधी त्यांच्या वहाणांच्या कडेला पांढरा खडू लागलेला असायचा.

चित्रशाळा निजामाच्या काळातली, दगडी. पुढच्या दालनांत संग्रहालय आहे. तिथे प्लास्टरचे गोरे पुतळे, काही तलवारी आणि जुन्या मुख्याध्यापकांची तैलचित्रं आहेत. मागे वर्ग आणि त्याच्याही मागे एक लांब खोली. ती पूर्वी घोड्यांची पागा होती असं म्हणतात. तिथे आर्काइव्ह आहे. इतक्या वर्षांतल्या परीक्षांचं जवळजवळ सगळं काम तिथे बांधून ठेवलेलं आहे. ते स्कॅन करायचं काम मी कंत्राटावर करते. हातमोजे घालायचे, कागदावरची धूळ मऊ ब्रशने काढायची, तो टेबलावर पसरायचा, कडेला रंगांची पट्टी ठेवायची, वरच्या कॅमेऱ्याने फोटो घ्यायचा, क्रमांक द्यायचा. बोलावं लागत नाही. मी सरकारी योजनेतून शहरातल्या इंग्रजी शाळेत वसतिगृहात राहून शिकले. तिथे मला इंग्रजी आलं, आणि गप्प राहायचंही. सुट्टीत घरी आले की वस्तीवरची पोरं माझ्याशी मुद्दाम पुस्तकातल्यासारखी मराठी बोलायची. मग मी घरीही कमी बोलू लागले. म्हणून मला ही खोली बरी वाटते.

आबा या खोलीत सगळीकडे होते. बांधलेलं बासन सोडलं की त्यात ते एकदा तरी असायचेच. काळ्या मिशांचे, करड्या मिशांचे, पांढऱ्या मिशांचे. कोळशात, पेन्सिलीत, जलरंगात. खाली कुणीतरी इंग्रजीत "फेटेवाला म्हातारा" असं लिहिलेलं असायचं, अगदी मिशा काळ्या असतानाही. ते बसायला आलेले असले की दुपारी आम्ही मागच्या लिंबाखाली भाकरी खायचो. ते विचारायचे, "आज किती आबा सापडले?" मी आकडा सांगायचे. ते मान हलवायचे, एखाद्या कळपाची मोजणी बरोबर निघावी तशी.

ते या हिवाळ्यात गेले. सकाळी सोयाबीन काढलेल्या रानात मेंढरं सोडली होती आणि ते बांधावर बसले होते. माय कोकरं घेऊन मागून आली. तिला वाटलं, बसलेत. ती थोडा वेळ तशीच मागे उभी राहिली. मग एक मेंढी शेजारच्या हळदीत शिरली आणि ते हललेच नाहीत, तेव्हा तिने हाक मारली.

मला काकांचा फोन आला. काका म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, आमच्या शेजारीच राहतात. टेबलावर कागद होता. त्याचा फोटो घ्यायचा बाकी होता. मी तो घेतला, क्रमांक दिला, कागद परत बासनात ठेवला, नाडी बांधली, हातमोजे काढले आणि मग सरांना सांगायला गेले. सर म्हणजे आमच्या संग्रहाचे प्रमुख. त्यांचे डोळे भरले. माझे नाही. मला आठवतं ते एवढंच, की बसमध्ये औंढ्याला उतरणारे यात्रेकरू होते आणि त्यांच्यातल्या एका बाईने मला खिडकी दिली.

पुढचे दिवस मी जे सांगतील ते करत होते. पाणी आण म्हटलं की आणायचे. लोक येऊन भिंतीकडे बघायचे आणि विचारायचे, फोटो न्हाई का? फोटो नव्हता. सुतक असलेल्या घरात माणसं येऊन बसतात तेव्हा त्यांना बघायला एक चेहरा लागतो, आणि तेरवीला तर लागतोच. पाटावर किंवा खुर्चीवर फोटो ठेवतात, हार घालतात, आलेला प्रत्येक माणूस कपाळाला गंध लावतो. आमच्याकडे आधार कार्डावरचा तेवढा होता. मोबाईलवर माझ्याकडे दोन होते, दोन्ही हललेले, एकात नुसता कान. अनोळखी पोरांसमोर तासन्‌तास न हलणारा माणूस मोबाईलपुढे थांबायचा नाही. मी फोटो काढला की म्हणायचे, "एवढ्यात झालं बी?" आणि निघून जायचे. ज्यासाठी बसावं लागत नाही ते चित्र खरं, असं त्यांना वाटत नसावं.

काकांनी आधार कार्डावरचा चेहरा मोठा करून श्रद्धांजलीचा फ्लेक्स सांगितला. तोच फ्रेम करू, असं त्यांचं म्हणणं. मायने तो मोबाईलवर बघितला.

"हे कोण?"

"आगं वैनी, दादाच हायेत."

"चोर धरून आणल्यावानी दिसून राहिलेत," माय म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तू जा शाळेत. तिथं ढीगभर हायेत ते. एक घेऊन ये."

सुतकात पोरीने गाव सोडायचं काकांना पटलं नाही. माय एवढंच म्हणाली की हे घरचंच काम आहे. आबा गेल्यापासून ती फक्त पहिल्या दिवशी रडली होती. नंतर तिने एवढी एकच गोष्ट मागितली होती. मला ती आणता येण्यासारखी होती. त्या दिवसांत मला दुसरं काही कळत नव्हतं, पण हे कळत होतं.

सरांनी आर्काइव्ह उघडून दिलं आणि माझ्याबरोबर बासनं सोडायला बसले. मूळ चित्र बाहेर नेता येत नाही, पण मायला जे आवडेल त्याची चांगली प्रत ते स्वतः काढून देणार होते. मी एकेक आबा मोबाईलमध्ये घेत गेले. सर मध्ये उठले आणि संग्रहालयाच्या दालनातून एक फ्रेम काढून घेऊन आले. विद्यार्थी असताना त्यांनीच काढलेलं आबांचं जलरंगातलं चित्र. त्याला बक्षीस मिळालं होतं आणि ते तिथे कायम टांगलेलं असतं. मी रोज त्याच्यासमोरून जायचे. सर म्हणाले, हे दाखव आईंना, मला वाटतं हेच घेतील. मी त्याचाही फोटो घेतला. ते खरंच सुंदर आहे. फेट्यावर उजेड पडलाय, डोळे दूर कुठेतरी बघतायत.

संध्याकाळी दारातल्या बाजेवर माय आणि मी बसलो. मी बोटाने चित्रं सरकवत होते, ती बघत होती.

"न्हाई," ती म्हणायची. मी पुढचं दाखवायचे. "न्हाई." एका चित्रात ते पाटलासारखे दिसत होते असं तिचं म्हणणं पडलं. एकात मिशा दुसऱ्या कुणाच्या तरी होत्या. एकात, तिच्या मते, त्यांना ताप होता. ती कुठल्याच चित्राला वाईट म्हणाली नाही. ओळखीचं माणूस घरात आहे का विचारावं आणि आतून दुसऱ्यानेच ओ द्यावी, तशी ती प्रत्येक वेळी थोडी मागे सरायची. मग मी सरांनी काढलेलं चित्र समोर धरलं. ते तिने सगळ्यात जास्त वेळ बघितलं. मोबाईल हातात घेतला, पदराने काच पुसली.

"लई चांगलं काढलंय," ती म्हणाली. "कुणाचं हाय?"

मी सांगितलं, आबांचंच आहे. ती "हां" म्हणाली आणि मोबाईल मला परत दिला.

मी तशीच भराभर सरकवत राहिले, कारण उरलेली चित्रं अशीच काहीबाही होती. हातांचे अभ्यास, चौथऱ्यावरची पावलं, खडूच्या रेघा. मायने माझं मनगट धरलं.

"थांब. आधीचं दाव."

आधीचं म्हणजे एक पाठमोरं चित्र होतं. पेन्सिलीतलं, जरा कच्चं. आमच्या शाळेत परीक्षेला मॉडेलभोवती कुणी कुठे बसायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. ज्याची चिठ्ठी वाईट निघते त्याला मागची जागा मिळते, आणि त्याला पाठ काढावी लागते. अशा चित्रांना मार्क कमी पडतात. आर्काइव्हमध्येही ती मुद्दाम म्हणून ठेवलेली नाहीत, चांगल्या चित्रांना आधार म्हणून मधेमधे सरकवलेली असतात. या चित्रात फेट्याचा शेमला, मानेची एक कड आणि बाकी सगळी घोंगडी होती. काढणाऱ्याला दुसरं काही काढायला नसल्यामुळे त्याने घोंगडीच तपशिलात काढली होती. उजव्या खांद्याखाली फिकट चौकोन होता आणि त्याच्या कडेने टाके, एकेक.

माय त्या चौकोनावर बोट ठेवायला गेली आणि चित्र मोठं झालं. ती दचकली. मी ते परत लहान करून दिलं.

"शेकोटीचा निखारा उडाला व्हता," ती म्हणाली. "काळी लोकर सरली व्हती. म्हनून पांढऱ्यानंच शिवलं. लई बोलले मला. म्हणले, आता शाळेत लोकं बघतील." मग म्हणाली, "बघितलं म्हणायचं कुणीतरी."

ती घोंगडी आता घरात नव्हती. त्यांना नेलं तेव्हा ती त्यांच्या अंगावर होती.

"हेच दे," माय म्हणाली.

मी म्हटलं, माय, यात तोंड नाही.

"तोंड मी कवा निवांत बघितलं? सासूसासऱ्यात वर बघायची सोय नव्हती. रानात ते म्होरं, मी कोकरं घेऊन मागं. सारा जलम मी हेच बघितलंय. फेटा शाळेचा हाय, असू दे तो."

दुसऱ्या दिवशी मी सरांना फोन केला. त्यांच्या चित्राचं काय झालं हे त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. ते म्हणाले, मागून काढलेलं? आणि मग म्हणाले, ठीक आहे, उद्या ये, कागद चांगला वापरतो. प्रत घेताना मी बघितलं, मूळ चित्रावर नाव नव्हतं, नुसता परीक्षेचा बैठक क्रमांक आणि साल. सरांनी तो कागद खिडकीजवळ धरला, टाक्यांकडे बघितलं आणि म्हणाले की त्या परीक्षेला ते स्वतः पुढच्या रांगेत होते. एवढंच. मग त्यांनी मशीन सुरू केलं.

हिंगोलीत फ्रेम करायला दिली. दुकानदाराने चित्र एकदा सरळ, एकदा पालटून बघितलं. पाठीमागे कोरा कागद बघून त्याने मला विचारलं, "मॅडम, ये उल्टा तो नहीं है ना?" मी नाही म्हणाले. त्याला वाटलं मी चुकतेय, म्हणून त्याने परत विचारलं. मग त्याने मागे तपकिरी कागद चिकटवला, हुक ठोकला आणि फ्रेम वर्तमानपत्रात बांधून दिली. बसमध्ये मी ती मांडीवर उभी धरली. काच माझ्या बाजूला होती की पलीकडे, हे मला औंढ्यापर्यंत आठवत नव्हतं.

काका घरातच होते. त्यांनी वर्तमानपत्र सोडलं आणि फ्रेम भिंतीला टेकवली. फ्लेक्स तोवर फाट्यावर लागला होता. त्यावर आधार कार्डावरचे आबा डोळे मोठे करून जवळा बाजार गावाकडे जाणाऱ्या गाड्यांकडे बघत होते. काकांना तो फ्लेक्सही आता आवडत नव्हता असं मला वाटतं, पण त्याला तोंड होतं.

"वैनी, सोयरेधायरे येतील. काय म्हणतील? मेला तरी पाठ फिरवून बसला म्हणतील."

माय तांदूळ निवडत होती.

"बरं, ते जाऊ द्या. गंध कुठं लावायचं? फेट्यावर?"

"कपाळाला लावा," माय म्हणाली.

"कपाळ हाय कुठं ह्यात?"

"हाय की. पलीकडच्या अंगाला हाय."

काका माझ्याकडे वळले, जणू मी शिकलेली आहे तर मी काही तरी सांगेन. मी खाली बघितलं. मला दोघांचंही बरोबर वाटत होतं, किंवा दोघांचंही काहीच वाटत नव्हतं. रात्री जेवताना काकांनी परत एकदा विषय काढला. आधारचा फोटो छोट्या फ्रेममध्ये शेजारी ठेवू, असं म्हणाले. माय म्हणाली, ठेवायचा तर फाट्यावर ठेवा, माझ्या दारात नको. तिचा आवाज चढला नव्हता. काका हात धुवायला उठले आणि तिकडूनच म्हणाले की तेरवीच्या दिवशी कुणी हसलं तर मला सांगू नका.

तेरवीला मांडव घातला होता. मधोमध खुर्ची, खुर्चीवर धुतलेली चादर, त्यावर फ्रेम. कुणीतरी हार घातला, तो फेट्यावरून खाली आला आणि खांद्याखालचं ठिगळ थोडं झाकलं गेलं. मायने बसल्या जागेवरून सांगितलं आणि मी हार बाजूला सारला. माणसं येऊन बसत होती. फ्रेमकडे बघत होती, मग एकमेकांकडे. एका बाईने हळूच शेजारणीला विचारलं, "काहून असं?" शेजारीण म्हणाली, "पोरगी शाळेत हाय ना फोटोच्या, तिकडची पद्धत असंल." मी ऐकलं. कोणी हसलं नाही.

पहिलं गंध भावाने लावायचं होतं. काका ताट घेऊन उठले. त्यांनी बोट गंधात बुडवलं आणि खुर्चीसमोर उभे राहिले. बोट वर गेलं, काचेजवळ थांबलं. फेट्याची एक घडी, तिच्याखाली मान. ते तसेच उभे राहिले. मागे कुणीतरी खाकरलं.

मग काका खुर्चीला वळसा घालून पलीकडे गेले. फ्रेमच्या मागच्या बाजूला वाकले आणि तपकिरी कागदावर, जिथे कपाळ असायला हवं साधारण तिथे, त्यांनी गंध लावलं. हात जोडले. "दादा," असं काहीतरी म्हणाले. मग त्यांनी उपरणं तोंडाला लावलं.

त्यांच्या मागून दुसरा माणूस उठला आणि तोही वळसा घालून गेला. मग सगळेच. समोर येऊन फूल ठेवायचं, मग पलीकडे जाऊन गंध लावायचं. कुणी कुणाला सांगितलं नाही. लहान लेकरं आया नेतील तशी जात होती. दिवसभर खुर्चीच्या मागे मातीत एक वाट पडली.

शेवटी एक बाई मला म्हणाली, तू पण जा बाई. मी गेले. मागून फ्रेम म्हणजे नुसता कागद, खिळे, दुकानदाराचा शिक्का. मधोमध गंधाचे डाग एकावर एक बसून ओला पिवळा गोळा झाला होता. माझ्या कामात कागदाला ओल लागू द्यायची नसते, पाठीमागच्या बाजूलाही नाही. हे त्या क्षणीही माझ्या डोक्यात आलं. मी बोट टेकवलं. गार होतं. इतक्या वर्षांच्या बासनांमध्ये मी त्यांच्यासमोर इतक्या वेळा बसले होते, हातमोजे घालून. आता हातमोजे नव्हते. मला काही वाटावं म्हणून मी थोडी थांबले. काही वाटलं नाही, नुसतं बोट गार पडलं.

मान वर केली तेव्हा फ्रेमच्या वरून मला माय दिसली. सगळे गंध लावून गेले होते, ती एकटी उठली नव्हती. काकांनी विचारलं, वैनी, तुमी? तिने मान हलवली. ती खुर्चीपासून थोड्या अंतरावर, होती तिथेच बसून होती, त्यांच्या मागे.